शिट्टी मी दिलेली नाही

अंकासाठी लिहा म्हणून संपादकबाईंचा फोन आला, तेव्हा मी टोकियोत, निशी-कसाईच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत दोराला गाठी मारत बसलो होतो. बाई म्हणाल्या, "काका, समुद्रावरच्या आठवणी लिहा. पण वादाचं काही नको हं." वादाचं नको, तर मला कशाला विचारलंत बाई? पण हो म्हणून बसलो, आता लिहितो. छापायचं तर छापा.

जन्म कुठे, शाळा किती, पहिली बोट कुठली, हे सगळं मी गाळणार आहे. जयगडकडचा खारवी, चाळीस वर्षं पाण्यावर काढली, त्यातली शेवटची अकरा जपानात एका शिडाच्या जहाजावर, सारंग म्हणून. जपानी माणसं सारंगाला ‘बोसुन’ म्हणतात, म्हणून मी ‘बोसुन-सान’. जहाजाचं नाव सांगत नाही, ते चालवणाऱ्या संस्थेचंही नाही. त्या जहाजावर माझं प्रेम आहे आणि भांडणही आहे, दोन्ही मी घरातच ठेवतो.

जहाज होतं तीन डोलकाठ्यांचं. बांधलेलं अलीकडे, पण रूप सगळं जुन्या लढाऊ जहाजाचं. टोकियोतल्या मोठमोठ्या कंपन्या आपली माणसं चार दिवस आमच्याकडे पाठवायच्या. नवीन भरती झालेली पोरं असत, तशीच पन्नाशीचे साहेबही. माहितीपत्रकावर छापलेलं होतं, ‘जुन्या आरमारी शिस्तीत चार दिवस’. म्हणजे झोळीत झोपायचं, घंटेवर उठायचं, चार-चार तासांच्या पाळ्या करायच्या, दोर ओढायचे, शिडं चढवायची. मोबाईल काढून पेटीत कुलूपबंद. एकदा हिगाशी-कसाईतली आपली आयटीवाली मंडळी आली होती. त्यांनी चिवड्याचे डबे लपवून आणले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हाताखालचा जपानी तांडेलच त्यात हात घालून बसलेला मला सापडला. एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त अध्यक्ष आले होते, ते म्हणाले, मला मस्तूलबिस्तूल नको, फक्त संडास धुवायला द्या, मी नोकरीची सुरुवात तिथूनच केली होती. चार दिवस धुतले हो त्यांनी! आणि असे धुतले की मला मान खाली घालावी लागली.

आता जुन्या आरमाराची उतरंड सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ते विलायतेचं असो की आपलं, माणसं तीच. सगळ्यात वर कप्तान. तो डेकवर आला की वाऱ्याकडची बाजू त्याची, बाकीच्यांनी निमूट दुसरीकडे सरकायचं. त्याच्याखाली त्याचे अधिकारी. मग सारंग, त्याच्याखाली तांडेल, आणि तळाला खलाशी. कप्तान खलाशाशी बोलत नसे. तो अधिकाऱ्याला सांगणार, अधिकारी सारंगाला, आणि सारंग माणसांना. सारंग धड साहेबांतला नाही, धड खलाशांतलाही नाही. पण डोलकाठीवर कोण चढणार, कधी चढणार आणि कधी उतरणार, हे त्याच्या शिट्टीवर. वाऱ्यात माणसाचा आवाज पोचत नाही, शिट्टी पोचते. ‘वर’ची शिट्टी वेगळी, ‘खाली’ची वेगळी. खालीची शिट्टी झाली की हातातलं काम टाकून उतरायचं, मग वर कोणीही असो.

एवढं सगळं छान. पण माहितीपत्रकात एक गोष्ट नसायची, ती मी दरवेळी पहिल्या संध्याकाळी सांगायचो. त्या जुन्या सारंगाच्या हातात शिट्टीबरोबर दोराचा सोटाही असायचा. वरून सगळ्यात शेवटी जो उतरेल त्याच्या पाठीवर तो बसायचा. मग काय होणार? प्रत्येकाला वाटणार, आपण शेवटचे नको. माणसं घाईत उतरायची आणि हात सुटून डेकवर पडायची. साहेब लोकांना आरमाराची शिस्त फार आवडते. मी त्यांना सांगायचो, घंटा ठेवतो, झोळी ठेवतो, शिट्टी ठेवतो. सोटा नाही ठेवणार. त्यावर सगळे हसायचे. मी हसत नसे.

आमच्याकडे सकाळ उजाडायची ती नारळाने. अर्धा कापलेला नारळ, सोडणासकट, तो दोन्ही हातांनी धरायचा, अनवाणी उकिडवं बसायचं आणि लाकडी डेक घासत ओळीने पुढे सरकायचं. जपानच्या शिडाच्या जहाजांवर ही जुनी रीत आहे. पहिल्या दिवशी माझं डोकंच फिरलं. अहो, आम्ही नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणारी माणसं, आणि इथे त्याने फरशी घासताय? कप्तान कुरोदा-सान माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बोलायला मोजका. ते म्हणाले, "बोसुन-सान, जहाजाला जे सगळ्यात चांगलं ते वापरतो." मग मी हट्टाने दर मोसमाचा पहिला नारळ आधी पाण्यात सोडायचो आणि मगच घासायला घ्यायचो. कुरोदा-सान त्या वेळी शेजारी येऊन टोपी काढून उभे राहायचे. न बोलावता.

त्या नारळामुळेच मला पाय बघायची सवय लागली. पण पायांचं खरं मानायला शिकण्याआधी एक माणूस मी दुखावला, ते सांगतो.

नियम असा होता, वर चढायची सक्ती कोणावरही नाही. कागदावर होता, खरा होता. डोलकाठीच्या पायथ्याशी मी एकेकाला विचारायचो, "चढणार?" आणि प्रत्येक जण ठणकावून म्हणायचा, "हाय!" म्हणजे हो. अकरा वर्षांत एकाने नाही म्हटलं असेल तर शपथ. मागे साहेब उभा, शेजारी सहकारी, कोण नाही म्हणणार? इथला ‘हाय’ म्हणजे ऐकलं, समजलं, आपण म्हणाल तसं. ‘मला जमेल’ असा त्याचा अर्थ नसतो. हे कळायला मला तीन वर्षं लागली.

इवासे-सान म्हणून एक विभागप्रमुख होते, पन्नाशीचे, चष्मेवाले. त्यांच्याबरोबर त्यांच्याच हाताखालची पोरं होती. मी विचारलं, ते "हाय!" म्हणाले आणि चढले. अर्ध्यावर एक जागा आहे, तिथे दोरशिडी बाहेरच्या बाजूला कलते आणि माणूस क्षणभर पाठीवर लटकल्यासारखा होतो. तिथे ते थिजले. हात सुटेना, पाय उचलेना. मी वर जाऊन त्यांना माझ्या कमरेला बांधलं आणि एकेक पायरी करत खाली आणलं. तास गेला त्यात. त्यांची सगळी पोरं खालून बघत होती. खाली आल्यावर इवासे-सान वाकले, मला, कप्तानांना, मग आपल्या पोरांना, "वेळ घेतल्याबद्दल माफ करा." महिन्याभराने कळलं की त्यांनी नोकरी सोडली. कोणी काढलं नव्हतं, स्वतःच. आजही तो वाकलेला माणूस डोळ्यांपुढून जात नाही. सकाळी डेक घासताना मी त्यांचे पाय बघितले होते की! बोटं आत वळलेली, मुठीसारखी आवळलेली. बघितले आणि तोंडाचं खरं मानलं. चूक माझी, शंभर टक्के माझी.

तेव्हापासून मी रीत बदलली. सगळ्यांना अनवाणी डोलकाठीशी उभं करायचं, एक हात दोरशिडीवर ठेवायला सांगायचा, बूट नंतर. मग ओळीतून चालत पाय बघायचे. बोटं पसरलेली असली तर जाऊ दे. आवळलेली असली तर त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि जोरात म्हणायचं, "तुमची मला डेकवर गरज आहे. घंटेवर!" घंटेवर उभं राहणं हा मानाचा हुद्दा आहे असं मी जाहीर करून टाकलं होतं. तसा काही हुद्दा जुन्या आरमारात नव्हता, माझाच शोध. पण माणसाची लाज राखली जायची. कोणाला काही कळायचं नाही.

म्हणजे, कळायचं नाही असं मला वाटायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतातली गोष्ट. एका कंपनीची तेरा माणसं आली होती. शिवाय त्यांचे बुचो, म्हणजे खात्याचे साहेब, निशिगाकी-सान. त्यांच्या चमूत एक आपली मुलगी होती, मृणाल, पुण्याची, तीन वर्षांच्या बदलीवर टोकियोत आलेली. शेवटच्या दिवशी सकाळी जहाज शेवटच्या फेरीला सुटणार होतं आणि ते बघायला धक्क्यावर कंपनीचे वरिष्ठ येणार होते. जहाज सुटताना माणसांनी डोलकाठ्यांवर चढून आडव्या काठ्यांवर ओळीने उभं राहायचं आणि किनाऱ्याकडे बघून तीनदा ओरडायचं, "गोकिगेन्यो!" म्हणजे सुखात असा, बरे असा. या आडव्या काठीला आमच्याकडे परबाण म्हणतात. आमच्या डोलकाठीवर परबाणं चार. त्यातल्या सगळ्यात वरच्या परबाणावर त्या दिवशी कोणी जायचं नव्हतं. तिथला सुरक्षेचा दोर झिजला होता, मीच तो सकाळी काढला होता, नवीन दुपारी बसवायचा होता. कमरेचा पट्टा अडकवायला वर काहीच नव्हतं. मी कप्तानांना सांगितलं, त्यांनी मान हलवली. बुचोंनाही सांगितलं. ते म्हणाले, "हाय."

मी पाय बघत निघालो. मृणालपाशी आलो तर तिची बोटं पांढरी पडलेली. मी खांद्यावर हात ठेवला. ती हळूच मराठीत म्हणाली, "काका, प्लीज, मला वर पाठवा. सगळ्यांसमोर बसवू नका. सर फोटोसाठी मला मुद्दाम मधे उभं करणार आहेत."

"तू हो म्हणतेस, पण तुझे पाय काय म्हणतायत ते बघ."

तिने खाली बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. "कळतंय मला. पण तिकडे परत जायचंय ना मला, त्याच ऑफिसात."

"घंटेवर!" मी मोठ्याने म्हटलं. ती गेली. निशिगाकी-सानचा चेहरा आंबला.

बाकीचे बारा जण तिसऱ्या परबाणावर जाऊन उभे राहिले. झकास उभे होते. धक्क्यावर झेंडे हलत होते. तेवढ्यात निशिगाकी-साननी कोणाचा तरी हातकर्णा उचलला आणि वर तोंड करून म्हणाले, "अजून एक वर! सगळ्यात वर! आपल्या खात्याची हिंमत दाखवा!"

आणि माझ्या डोळ्यांदेखत ती माणसं हलली. बाराच्या बारा. पहिले दोघे तर वरच्या दोरशिडीला लागलेसुद्धा. मी कप्तानांकडे बघितलं. ते वाऱ्याच्या बाजूला उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते काही बोलले नाहीत.

मी शिट्टी तोंडाला लावली आणि ‘खाली’ वाजवली.

वरची माणसं थांबली. खाली साहेब, खाली सारंग. साहेब ओरडतोय वर, शिट्टी म्हणतेय खाली. बारा जण आकाशात लटकलेले आणि कोणाचं ऐकायचं ते त्यांना कळेना. ज्याच्या हाती त्यांची बढती, तो वर म्हणत होता. मी परत वाजवली. निशिगाकी-सान हातकर्णा माझ्याकडे वळवून म्हणाले, "बोसुन-सान, ही माझी माणसं आहेत!"

"जमिनीवर तुमची!" मी म्हणालो. जपानीत हे फार उद्धट वाटतं. वाटू दे.

तेव्हा घंटा वाजली. एकदा नाही, धडाधडा. मृणाल दोन्ही हातांनी दोरी धरून वाजवत होती, आपल्या साहेबाच्या डोळ्यांत बघत. मग वरचा पहिला माणूस उतरायला लागला, मग दुसरा. मी खालून ओरडत होतो, "सावकाश! शेवटच्याला काही होणार नाही! सावकाश!" बारा जण उतरले. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. गोकिगेन्यो मात्र झालं नाही, आणि धक्क्यावरचे पाहुणे रिकामेच परत गेले.

कंपनी रागावली, पुढच्या सहली रद्द झाल्या, आणि संस्थेने माझ्याकडे शिमात्सुशो मागितलं. हा इथल्या नोकरीतला एक कागद. काय झालं, का झालं, माझं काय चुकलं, मी किती दिलगीर आहे, आणि शेवटी ठरलेली ओळ, ‘असं परत होणार नाही.’ खाली आपला शिक्का मारायचा. लोक निमूट लिहून देतात आणि प्रकरण मिटतं. त्यात काही अपमान नाही, असं मला सगळ्यांनी समजावलं. माझ्या मुलीनेही. "बाबा, एक ओळ आहे हो. लिहून टाका. तुम्ही त्या जहाजाशिवाय घरी बसून काय करणार आहात?"

खरं होतं. काय करणार होतो? मला दुसरं काही येत नाही. त्या जहाजाचा एकेक दोर मी अंधारात हाताने ओळखतो. ते गेलं तर उरतं काय, ट्रेनने जायचं, ट्रेनने यायचं आणि कचरा कुठल्या वारी कुठल्या पिशवीत टाकायचा ते लक्षात ठेवायचं.

तरी लिहायला बसलो. मला जपानी बोलता येतं, लिहिता येत नाही. म्हणून माझी नात ओवी, दहा वर्षांची, तिला पुढ्यात घेतलं. मी मराठीत सांगायचं, तिने जपानीत लिहायचं. पाहुण्यांची गैरसोय झाली, दिलगीर आहे. लिही. बुचोंशी उद्धट बोललो, दिलगीर आहे. लिही. आणि शेवटी लिही, ‘असं परत झालं, तर मी परत शिट्टी वाजवीन.’

ओवीने पेन खाली ठेवलं. "आजोबा, दामे!" म्हणजे चालणार नाही. "असं कोणीच लिहीत नाही. आमच्या शाळेत पण नाही."

"तू लिही गं. शिक्का माझा आहे."

कुरोदा-साननी तो कागद दोनदा वाचला. त्यांच्या केबिनमध्ये आम्ही दोघेच होतो. ते म्हणाले, "बोसुन-सान, ही एक ओळ काढा. मी तुम्हाला ठेवून घेऊ शकतो. नाही काढलीत तर माझ्या हातात काही राहत नाही."

"कप्तान, तुम्ही ऐकलं होतं ना, तो काय म्हणाला ते?"

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "ऐकलं होतं," ते म्हणाले.

"मग माझी ओळ राहू दे."

मला राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. अकरा वर्षं ज्याच्याबरोबर दर्याला नारळ सोडला, त्या माणसाच्या तोंडून एक शब्द निघाला असता तर मला शिट्टीच वाजवावी लागली नसती. मी उठलो. शेवटच्या सकाळी माणसांबरोबर बसून डेक घासला, माझी झोळी गुंडाळली आणि उतरलो. सामानाच्या यादीवर सही करताना ‘शिट्टी, एक’ या ओळीपुढची जागा मी रिकामी सोडली. यादी घेणाऱ्याने ती तशीच फाईलला लावली.

मृणाल मला पुढे निशी-कसाईतल्या आपल्या किराणा दुकानात भेटली. तिला दुसऱ्या खात्यात हलवलं होतं. "काका, माझ्यामुळे तुमचं गेलं," म्हणाली. मी म्हटलं, "गप गं. घंटा काय वाजवलीस!" ती हसली आणि मग तिथेच, पोह्यांच्या पिशव्यांपुढे रडली. मीही थोडा रडलो. दुकानदार बिचारा दुसरीकडे बघत राहिला.

जायचं नाही असं ठरवलं होतं, पण पुढच्या मोसमात जहाज सुटायच्या दिवशी मी ओवीला घेऊन धक्क्यावर गेलोच. गर्दीच्या मागे उभा राहिलो. कुठल्यातरी नव्या कंपनीची माणसं डोलकाठीपाशी ओळीने उभी होती. सारंग आता माझाच जुना तांडेल, तोच चिवडेवाला. त्याच्या हातात नवी कोरी शिट्टी. माणसं अनवाणी होती. चला, एवढं तरी ठेवलंय, म्हटलं.

मग कुरोदा-सान वाऱ्याची बाजू सोडून खाली आले. अकरा वर्षांत मी त्यांना डोलकाठीच्या पायथ्याशी कधी बघितलं नव्हतं. कप्तान तिथे जात नसतो. त्यांनी टोपी काढून काखेत घेतली, मान खाली घातली, आणि एकेका माणसाचे पाय बघत ओळीतून चालत गेले. सावकाश. एका जाड्याजुड्या, टाय लावलेल्या साहेबापाशी थांबले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाले. तो माणूस ताठ मानेने चालत घंटेपाशी जाऊन उभा राहिला.

बाकीचे बूट घालून वर चढले. तीनदा ओरडले, "गोकिगेन्यो!" ओवी दोन्ही हात हलवत होती. माझा हात खिशात शिट्टीवर होता, पण मी ती काढली नाही. दुसऱ्या सारंगाच्या जहाजावर आपण शिट्टी वाजवायची नसते.

आता संस्थेचं पत्र आलंय. यादी तपासताना त्यांच्या लक्षात आलं म्हणे, जहाजाची एक शिट्टी कमी आहे, ती परत करावी, नाहीतर कारण देऊन शिमात्सुशो पाठवावं. ओवीला कालच कागद आणायला सांगितलाय. दिलगीर आहे, असं लिहीन. शेवटची ओळ तिला आता पाठ आहे.